झिजवायला दिलेले बूट

बाबा, महाराज, स्वामी या मंडळींशी माझं कधी जमलं नाही. मी रेल्वेत गार्ड होतो. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून जन्म गेला, आणि तिथून माणसाला सगळं मागे पळतानाच दिसतं. अशा माणसाचा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. आमच्या घरी भक्तीचं खातं बायकोकडे. लग्न होऊन अमरावतीहून रायपूरला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्या कमी आणि देव जास्त होते. त्यामुळे मी एका संतावर लिहायला बसलोय, आणि तोही शीख संत, हे कळल्यावर आमच्या मराठी मंडळातले लोक हसतील. हसू द्या.

शंकर नगरात आमच्या मागच्या गल्लीत एक लहानसं गुरुद्वार आहे. मी रिटायर झालो त्या थंडीत बायकोने मला तिकडे ओढत नेलं. "चाला ना, लंगर तं खाऊन येऊ. तिथले बाबाजी लय मोठे संत आहेत म्हंतेत." मी जेवणाच्या लालसेने गेलो, हे आधीच सांगून टाकतो. चपला दाराबाहेर सोडून आत शिरत होतो, तर डावीकडच्या खिडकीतून आवाज आला, तोही मराठीत.

"ओ भाऊ, चपला तिथं कशाला टाकायलाव? द्या इकडं."

खिडकीच्या आत लाकडी पाटावर एक उंच, हाडकुळा म्हातारा बसला होता. छातीपर्यंत पांढरी दाढी, निळी पगडी, मांडीवर कोणाचा तरी बूट आणि हातात फडकं. गुरुद्वारात या खोलीला जोडाघर म्हणतात. येणाऱ्यांचे जोडे घ्यायचे, पुसायचे, फळीवर ठेवायचे, बिल्ला द्यायचा आणि जाताना बिल्ला घेऊन जोडे परत करायचे, ही तिथली एक सेवाच आहे. मी म्हटलं, "राहू द्या आजोबा. जुन्याच आहेत, कोणी नेत नाही."

"कोणी नेईल म्हणून नाही. पुसायच्या आहेत."

"तुम्ही मराठी कसं काय बोलता?"

"नांदेडला लंगरात लई वर्षं पोळ्या लाटल्या. तिथली मराठी आहे, चालवून घ्या."

मी खिडकीशी वाकून हळूच विचारलं, "ते तुमचे बाबाजी म्हणतात, ते आत कुठे बसतात?"

"मीच तो," म्हातारा म्हणाला. "हा घ्या बिल्ला. आधी जेवा, मग बोलू."

आधी जेवा, हा त्यांचा नियम होता. भिलाईहून, बिलासपूरहून, पार नागपूरहून लोक गाड्या भरभरून यायचे आणि जोडाघराच्या खिडकीशी रडायला लागायचे. बाबाजी त्यांना पंगतीत पाठवायचे. जेवून परत आले की निम्म्यांना आपण काय सांगायला आलो होतो तेच धड आठवायचं नाही. "भूक आणि दुःख, दोन्ही पोटातच असतात," ते मला म्हणाले होते. "भूक काढून घेतली की दुःख किती उरलं ते नीट दिसतं." उरलेल्या दुःखाचं मात्र ते मन लावून ऐकायचे. ऐकताना फडकं चालूच असायचं. दुखणं घेऊन आलेल्याला पहिला प्रश्न, "डॉक्टरला दाखवलं का?" नाही म्हटलं की तिथेच रागवायचे. ताईत, अंगारा, मंतरलेलं पाणी असलं काही मागितलं तर ते जोडे पुसायचं फडकंच पुढे करायचे.

तरुणपणी ते ट्रक चालवायचे. एकदा नांदेडला माल उतरवला, गुरुद्वारात जेवायला बसले, आणि परत ट्रककडे गेलेच नाहीत. मी विचारलं, असा काय साक्षात्कार झाला? म्हणाले, "भाजीत मीठ कमी होतं. सांगायला आत गेलो. त्यांनी झारा माझ्याच हातात दिला." पुढे एक जुना ड्रायव्हर मित्र रायपुरात अंथरुणाला खिळला, त्याला भेटायला म्हणून ते इथे आले. मित्र गेला, हे राहिले.

रिटायर माणसाला दुपार खायला उठते. मी रोज जोडाघरात जाऊन बसायला लागलो. बायकोला वाटलं नवऱ्याला सद्बुद्धी झाली. खरं म्हणजे आम्ही दोघं तिथे भांडत असू. त्यांचं म्हणणं, रेल्वेवाल्यांना रूळ आयते मिळतात, त्यात यांचं कर्तृत्व काय? माझं म्हणणं, ट्रकवाल्यांना रस्ता सगळा आपल्या बापाचा वाटतो. कधी कधी ते एकदम गंभीर होऊन म्हणायचे, "तुमच्या एका शिंपी संताची वाणी आमच्या ग्रंथसाहिबात आहे, गार्डबाबू. तुम्ही लोक इथं पाहुणे नाही, घरचे आहात." आणि लगेच, "घरचे आहात तर ही चप्पल पुसा." मी पुसायचो. कुरकुरत पुसायचो, पण पुसायचो.

त्यांचा स्वतःचा जोडा म्हणजे कॅनव्हासचे बूट. मुळात पांढरे असावेत. डाव्या बुटाच्या टाचेला ट्रकच्या टायरचा तुकडा त्यांनी स्वतः सुतळीने शिवलेला होता. चालताना तो पाय जरा वाजायचा. कोणी नवे जोडे आणून दिले की संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या कोणाच्या तरी पायात गेलेले असत.

पायांचं त्यांचं एक वेडच होतं. कोणी पायाला हात लावलेला त्यांना खपायचं नाही. मांडी घालून पाय घट्ट दाबून बसायचे. तरीही कोणी वाकलंच, तर तेही वाकून समोरच्याच्या पायाला हात लावायचे. मोठमोठे व्यापारी घाबरून मागे उड्या मारायचे. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा गनिमी कावा केला. बाबाजी बूट फळीवर ठेवायला उठून वळलेले पाहून ही पटकन वाकली. ते तिच्याहून चपळ निघाले. दोघांची डोकी टणकन आपटली. तिच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं. बाबाजी कान धरून माफी मागत होते, आणि ही घरी येऊन शेजारणींना टेंगूळ दाखवत होती. "बाबाजीचा परसाद आहे वो हा! तुमाले भेटला का असा?" टेंगूळ उतरलं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं, खोटं नाही सांगत.

रायपूरबाहेरच्या सिलतऱ्याचा एक कारखानदार यायचा. स्पंज आयर्नचा, म्हणजे लोखंडाचा प्लांट, हातात अंगठ्याच अंगठ्या. त्याला प्लांटसाठी आशीर्वाद हवा होता. बाबाजींनी त्याला खिडकीआड बसवलं आणि एक जोडा हातात दिला. तो बिचारा पुसतोय, पुसतोय, फडकं काळं होतंय, पण धूळ संपत नाही. मग थांबून म्हणाला, "बाबाजी, ये तो हमारे सिलतरा की डस्ट है." बाबाजी म्हणाले, "हां पुत्तर, घर की है. पहचान ली, अच्छा हुआ." एवढंच. त्या माणसाने पुढे प्लांटमध्ये काय केलं, मला ठाऊक नाही. चमत्काराच्या गोष्टी सांगायला मी बसलेलो नाही. पण त्या दिवशी तो जोडा ज्याचा होता तो वॉचमन बिल्ला घेऊन आला, तेव्हा शेटजींनी तो त्याच्यापुढे वाकून ठेवला, हे मी पाहिलंय.

आता प्रधानाबद्दल सांगायला हवं. प्रधान म्हणजे गुरुद्वाराच्या कमिटीचा अध्यक्ष. ट्रान्सपोर्टवाला, दांडगा, आवाज असा की हॉर्नची गरज नाही. त्याच्या मुलाला अपघात झाला होता तेव्हा बाबाजी दवाखान्यातल्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसले होते. उपदेश नाही, प्रार्थनेचं प्रदर्शन नाही. लंगरातून फुलके न्यायचे आणि याला खायला लावायचे. मुलगा वाचला. तेव्हापासून या धिप्पाड माणसाला बाबाजींचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. आणि त्याच प्रेमापोटी त्याने घोटाळा केला. बाबाजींचा मोठा फोटो काढवून घेतला, सोनेरी चौकटीत घालून लंगरच्या भिंतीवर लावला.

शिखांमध्ये गुरू म्हणजे ग्रंथसाहिब. डोकं टेकायचं ते तिथे, माणसापुढे नाही आणि माणसाच्या फोटोपुढे तर नाहीच. हे प्रधानालाही माहीत होतं. पण प्रेम आंधळं असतं आणि त्याच्या हातात हातोडा-खिळा असला की विचारू नका. आठवड्यात त्या फोटोला हार चढला. मग उदबत्ती. मग एका बाईने त्या चौकटीला कपाळ टेकलेलं बाबाजींनी जोडाघरातून पाहिलं.

रविवारी सगळी संगत जमलेली असताना ते गळ्यात उपरण्यासारखा पल्ला घालून, हात जोडून उभे राहिले. कोणा शिखाची चूक झाली तर पाच अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेले शीख ग्रंथसाहिबांच्या हजेरीत त्याला शिक्षा सांगतात. त्याला तनखाह म्हणतात. ती मागायला चूक करणाऱ्याने स्वतःच उभं राहायचं असतं. मला वाटलं प्रधानाची तक्रार करतायत. बाबाजी म्हणाले, "चूक माझी आहे. लोकांची मान माझ्यामुळे भलत्या जागी झुकली. मला तनखाह लावा."

प्रधान तिथल्या तिथे रडायला लागला. ते पाच जणही अडचणीत आले. एरवी शिक्षा ठरलेली असते: जोडे पुसा, भांडी घासा. पण या माणसाला जोडे पुसायची शिक्षा द्यायची म्हणजे माशाला पाण्यात सोडण्यासारखं. त्या पाचांत एक म्हातारे ड्रायव्हर होते, बाबाजींना ओळखून होते. त्यांनी बाकीच्यांशी कुजबूज केली आणि तनखाह सुनावली. रोजचा पाठ वाढवला, आणि काही दिवस जोडाघरात पाऊल ठेवायचं नाही. आत दिवाणात, म्हणजे कीर्तनाच्या सभेत, सगळ्यांच्या पुढे नुसतं बसायचं.

बाबाजींचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. पण तनखाहवर वाद करता येत नाही. मान तुकवली. त्या दिवसांत मी आत डोकावून पाहायचो. कीर्तन चालू असायचं, हे मान खाली घालून पुढे बसलेले, आणि उजवा हात मांडीवर गोल गोल फिरतोय, फडकं नसताना. मला हसूही यायचं आणि गलबलूनही यायचं. फोटो प्रधानाने स्वतःच्या हाताने उतरवला.

मग ते थकले. आधी दम लागू लागला, मग पाटावर बसणं सुटलं. मागच्या खोलीत खाटेवर पडून असत. प्रधान दिवसरात्र सेवेला. पण त्या सेवेतच त्याने सुताराकडून एक काचेचं कपाट करून घेतलं होतं, आत निळी मखमल. लोकांना सांगितलं पुस्तकांसाठी आहे. बाबाजी हसायचे. एका दुपारी प्रधान औषधं आणायला गेला असताना त्यांनी खाटेखालून ते कॅनव्हासचे बूट काढायला सांगितले.

"गार्डबाबू, कपाट बघितलं का?"

"बघितलं."

"गादी देऊन टाकली, कांबळं दिलं, काठी दिली. हे दोनच राहिलेत. हे त्या मखमलीवर बसले की मी मेल्यावर रोज तनखाह लागंल मला, आणि तवा उभं राहून मागायलाही येणार नाही." बोलताना त्यांना धाप लागत होती. मी पहिल्यांदाच त्या माणसाला घाबरलेलं पाहिलं. "तुम्ही घेऊन जा. घाला आणि झिजवा. पार संपवा."

"मी? मीच का?"

"एरवी तुम्ही घरचे. या कामापुरते बाहेरचे. तुमची मान कुठं झुकत नाही, मला माहीत आहे."

"मोठे होतील मला."

"दोन मोजे घाला," ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

थोड्याच दिवसांत ते गेले. खारुन नदीच्या काठी एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. राख वाहत्या पाण्यात सोडली, त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठे चबुतरा नाही, दगड नाही. प्रधान मात्र बूट शोधत होता. खाटेखाली, माळ्यावर, लंगरात. सेवेकऱ्यांना विचारलं, ड्रायव्हरांना विचारलं. मला कोणी विचारलं नाही. बाहेरच्याला कोण विचारतं? म्हातारा मोठा हुशार होता.

पण त्या हुशार म्हाताऱ्याचा एक हिशेब चुकला. त्यांनी माझी मान पाहिली होती, आमच्या घराची पाहिली नव्हती. विदर्भातल्या वळणाचं घर ते. पादुका दिसल्या की आमचे हात आपोआप कुंकवाच्या कोयरीकडे जातात. मी बूट आणून कपाटावर ठेवले. उद्या घालू म्हटलं. दुसऱ्या दिवशी पायात घालायला घेतले आणि पाय पुढे जाईना. पुन्हा वर ठेवले. असे दिवस गेले.

मग मुलीचा फोन आला. ती आमच्याशी हिंदीतच बोलते. "पापा, मम्मी ने जूतों की पूजा चालू कर दी है. फोटो भेजी है मुझे. आप घर में रहते हो कि नहीं?"

मी देवघरात गेलो. देवांच्या खालच्या फळीवर पाट, पाटावर जरीचा खण, खणावर ते बूट. टोकांना हळदकुंकू, एकेक तगरीचं फूल. पुढे पेढा. मंडळातल्या दोन बायका हात जोडून बसल्या होत्या, एक पुतणीचं लग्न जमू दे म्हणत होती. पंजाब्यांना मखमल आणून जे जमलं नाही, ते आम्ही खणावर करून दाखवलं होतं.

बायका गेल्यावर मी बूट उचलले. "काय करून राह्यले?" ती ओरडली. "ठेवा ते खाली!"

"घालून राह्यलो. त्यायनं घालाले देल्ले होते."

"तुमी घालसान ते? पाय जळतीन तुमचे!"

"मले झिजवाले सांगतले. दोनदा हो म्हणून घेतलं माह्याकून. मी हो म्हटलं, अन् आज इथं पेढे चढून राह्यले."

ती एकदम खाली बसली आणि रडायला लागली. "त्या माणसानं मले कधी पायाले हात लावू देल्ला नाही. टेंगूळ आलं होतं, थेही उतरलं. माह्याजवळ काहून काहीच राहू नये त्याचं?"

मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो. तनखाहच्या दिवसांत दिवाणात पुढे बसलेले बाबाजी तिनेही पाहिले होते. तो मांडीवर फिरणारा रिकामा हात मी तिला आठवून दिला. म्हटलं, "आता तं उठून मागाले बी येत नाही त्यायले." तिने पदराने डोळे पुसले, आणि त्याच पदराने बुटांवरचं कुंकू पुसायला लागली. हळद निघाली. कुंकवाचा डाग कॅनव्हासमधून काही निघेना. मग ती आत गेली आणि माझे मोज्यांचे दोन जोड घेऊन आली.

"थांबा," म्हणाली. "एकावर एक घाला. नाहीतं निंगतीन रस्त्यात."

त्या रविवारी मी ते बूट घालून निघालो. पाइपलाइनसाठी आमची गल्ली खणून ठेवलेली, टँकरच्या पाण्याने सगळा राडा. पहिली काही पावलं मी चवड्यांवर टाकली. मग टायरचा तुकडा वाजला, तो ओळखीचा आवाज माझ्याच पायातून आला, आणि मी सरळ चालायला लागलो. गुरुद्वारापर्यंत पोचलो तेव्हा बूट चिखलाने माखले होते.

जोडाघराच्या खिडकीत, त्या लाकडी पाटावर प्रधान बसला होता. बाबाजी गेल्यापासून रविवारची सेवा तो करायचा. त्याने न बघता माझे बूट घेतले, चिखल झाडायला उलटे केले, आणि त्याचा हात डाव्या टाचेवर थांबला. सुतळीच्या टाक्यांवरून त्याने अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलं.

"भैया," तो म्हणाला. त्याचा तो हॉर्नसारखा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ये तो..."

"उन्होंने ही दिए," मी म्हटलं. "बोले, पहन के घिसा देना."

त्याचे दोन्ही हात बूट घेऊन वर उठले. छातीपर्यंत आले. मला वाटलं, आता हा डोक्याला लावतो. मागे लोकांची रांग लागली होती, सगळ्यांनी पाहिलं असतं, आणि मग मखमल फार लांब नव्हती. प्रधान तसाच थांबला. डोळे गच्च मिटले. मग हात खाली आले, बूट मांडीवर आले, त्याने फडकं उचललं आणि चिखल पुसायला लागला. कुंकवाच्या डागावर जरा जास्त घासलं. मग इतरांच्या चपलांमध्ये, फळीवर जागा होती तिथे ठेवून दिले आणि माझ्या हातात बिल्ला दिला.

मी आत जाऊन जेवलो. काय वाढलं होतं, आठवत नाही. बाहेर येऊन बिल्ला दिला. प्रधानाने बूट माझ्यासमोर ठेवले. त्याची दाढी ओली होती.

"एड़ी अभी बहुत बाकी है, भैया," तो म्हणाला. "रोज पहना करो."

मी दोन्ही नाड्या घट्ट बांधल्या आणि मुद्दाम चिखलातूनच घरी गेलो.